भूमिगताचा पुरावा

मांजरसुंब्याला बालाघाटाचा चढ संपतो आणि रस्ते फुटतात. उत्तरेला घाट उतरून बीड, दक्षिणेला चौसाळ्यावरून धाराशिव-सोलापूर, पूर्वेला नेकनूर-केजवरून अंबाजोगाई, पश्चिमेला लिंबागणेश-पाटोद्यावरून जामखेड. आज इथं थांबणारा माणूस चहा घेतो, जेवतो आणि पुढच्या गावाला लागतो. 1947-48 साली यातल्या पश्चिमेच्या रस्त्याचं मोल वेगळं होतं. त्या अंगाला पाटोदा-आष्टी ओलांडली की निजामाचं राज्य संपायचं आणि नगर जिल्हा लागायचा, म्हणजे स्वतंत्र भारत लागायचा. पलीकडे 15 ऑगस्टला तिरंगा चढला होता. अलीकडे तोच तिरंगा हातात धरला तर माणूस तुरुंगात जात होता. तेरा महिने ही तफावत टिकली, आणि या तेरा महिन्यांत सरहद्दीच्या पलीकडे जाऊन कॅम्पात राहिलेले, रात्री परत येऊन नाके जाळणारे, चिठ्ठ्या पोचवणारे, भाकरी बांधून देणारे जे लोक होते, त्यांच्याबद्दल हा लेख आहे.

यंदाच्या 17 सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन बीडला उरकून आम्ही तिघं मांजरसुंब्याला येऊन बसलो. मी, माझे थोरले बंधू आणि माझी मुलगी. दादांनी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. मुलगी उच्च न्यायालयाच्या खंडपीठात वकिली करते. दोघांचा एकमेकांवर जीव आहे आणि या एका विषयावर दोघांचं अजिबात पटत नाही. मी फारसा बोललो नाही. त्यांचं बोलणं जसं झालं तसं मांडतो. जिथं राहवलं नाही तिथं माझं मतही घातलं आहे.

दादांनी सकाळच्या भाषणापासून सुरुवात केली. "ऐकलंस ना? सरदार पटेलांनी पोलीस कारवाई केली आणि मराठवाडा मुक्त झाला. संपलं. घरदार टाकून जी माणसं सरहद्दीवर पडली होती त्यांचा एका वाक्यात निकाल."

"वाक्य अपुरं आहे काका, पण चुकीचं आहे का?" ती म्हणाली. "13 सप्टेंबर 1948 ला फौज शिरली. 17 ला संध्याकाळी निजामानं शस्त्रसंधी जाहीर केली, 18 ला जनरल अल इद्रूसनं मेजर जनरल चौधरींपुढे रीतसर शरणागती पत्करली. सगळा मिळून एकशे आठ तासांचा मामला. आपल्याच जिल्ह्यात, मोमिनाबादेत, म्हणजे आजच्या अंबाजोगाईत, गोवळकोंडा लान्सर्सची पलटण होती. तिनं नावापुरता प्रतिकार केला आणि हत्यारं खाली ठेवली. हे कॅम्पातल्या पोरांच्या भरमार बंदुकांनी झालं असतं?"

"नसतं झालं. मी तसं म्हणतच नाही. पण फौज आली तेव्हा तिच्यासमोर उभं राहायला राज्य तरी कितपत उरलं होतं? सरहद्दीलगतचे करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे, नाके जळालेले. ठाण्यातले पोलीस अंधार पडल्यावर बाहेर निघायला धजेनात. उमरखेडपासून बार्शी-वैरागपर्यंत कॅम्प, इकडे नगरच्या हद्दीत कॅम्प. लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांना तर 15 ऑगस्ट 1947 लाच उचललं. दिगंबरराव बिंदू, गोविंदभाई श्रॉफ यांच्या कृती समितीनं बाहेर बसून लढा चालवला. आणि स्वामीजी काय आभाळातून पडले होते? हिप्परग्याला आणि आपल्या अंबाजोगाईला शाळेत शिकवत होते. पोरं तिथं घडली. फौज पाच दिवस लढली, त्याआधी दहा वर्षं ही माणसं राबली. 1938 चा सत्याग्रह, कॉलेजातली वंदे मातरमची चळवळ, हे सगळं त्या पाच दिवसांच्या पाठीशी आहे."

"मग दुसरी बाजूही ऐका. कॅम्प बाहेर होते, म्हणजे भारताच्या जमिनीवर होते. 29 नोव्हेंबर 1947 ला भारतानं निजामाशी जैसे थे करार केला होता. करारावर सही करणारं सरकार आणि कॅम्पांकडे काणाडोळा करणारं सरकार एकच. निजामाची माणसं ऑगस्ट 48 मध्ये सुरक्षा परिषदेत गेली ती भारताविरुद्ध तक्रार घेऊनच. स्वयंसेवक स्वतःहून जातो हे खरं, पण त्याला टेकायला जागा कोण देतं हेही विचारावं लागतं. नुसतं 'लोकांचा लढा' म्हणून भागत नाही."

दादांना हे लागलं. ते म्हणाले, "ही हद्द करारानं जन्मली नव्हती बाई. जामखेड तालुक्यात खर्डा आहे. 1795 ला मराठे आणि निजाम तिथंच भिडले. इथल्या माणसाला ही रेघ पिढ्यान्‌पिढ्या माहीत होती, आणि ती ओलांडायची कशी तेही."

"तेच तर. इतकी जुनी रेघ असेल तर निजाम परका कसा? गोव्यात पोर्तुगीज होते, समुद्रापलीकडून आलेले. ती वसाहत. हैदराबाद संस्थान होतं. राजा इथंच जन्मला, इथंच वारला."

"राजा इथला आणि राज्य कुणाच्या जिवावर? सिकंदराबादेत इंग्रजांची छावणी होती. कचेरीत उर्दू, वरच्या शिक्षणात उर्दू, मराठी पोराला शिकायचं तर आधी परकी लिपी. सभा घ्यायची तर सभाबंदीची गश्ती निशाण 53 आडवी. शेतकऱ्याला विचार, त्याच्या दृष्टीनं लिस्बन आणि हैदराबाद यांत अंतर किती होतं."

हा वाद इथवरच ठेवतो, कारण त्यातून फार काही हाती लागत नाही. गोवा आणि हैदराबाद यांतला जो फरक मला महत्त्वाचा वाटतो तो पुढच्या बोलण्यात निघाला.

"गोव्याचंच घ्या," मुलगी म्हणाली. "18 मे 1955 ला नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट यांची तुकडी हद्दीत शिरली. कुठल्या दिवशी, कोण नेता, सगळं आधी जाहीर. त्या 15 ऑगस्टला तीन हजारांवर सत्याग्रही निःशस्त्र आत गेले, पोर्तुगीजांनी गोळ्या घातल्या, वीसहून जास्त माणसं मेली. जे पकडले गेले त्यांच्यावर लष्करी न्यायालयात खटले झाले, दहा-दहा, बारा-बारा वर्षांच्या शिक्षा झाल्या, आग्वादच्या किल्ल्यात कोंडलं. म्हणजे त्यांच्या सहभागाचा पुरावा शत्रूनंच लिहून ठेवला. वॉरंट, निकालपत्र, तुरुंगाची नोंद. आपल्याकडे उलट. भूमिगताचं कामच असं की मागं कागद राहता कामा नये. नाव बदला, चिठ्ठी वाचून जाळा, कुणाच्या घरी राहिलात ते सख्ख्या भावालाही सांगू नका. ज्यानं काम जितकं चोख केलं तितका त्याचा पुरावा कमी."

"आणि दादरा-नगर हवेली?" दादांनी मध्येच विचारलं. "1954. तिथंही गुपचूप जमवाजमव, तिथंही हत्यारं. पोर्तुगालनं भारताला हेगच्या न्यायालयात खेचलं, 1960 ला निकाल लागला. ते मात्र सगळ्यांना ठाऊक आहे."

"कारण त्यात सुधीर फडके होते, राजा वाकणकर होते. पैसे उभे करायला लता मंगेशकर पुण्यात गायल्या. ज्यांची नावं आधीच घरोघरी होती त्यांचं गुपित फार दिवस गुपित राहत नाही. पाटोद्याच्या डोंगरातून रात्री निरोप घेऊन गेलेल्या गड्याचं नाव कुठल्या आठवणींच्या पुस्तकात येणार?"

मला वाटलं, आता दोघांचं जमलं. पण खरी ठिणगी इथंच पडली, कारण यापुढचा विषय बीड जिल्ह्याच्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवणारा होता.

स्वातंत्र्यसैनिकांना केंद्राचं निवृत्तिवेतन 1972 पासून सुरू झालं. राज्याची योजनाही आली. तुरुंगात गेलेल्यांकडे दाखला होता. भूमिगतांसाठी वेगळा मार्ग ठेवावा लागला. ज्यांचा सहभाग आधीच सिद्ध झाला आहे अशा स्वातंत्र्यसैनिकांनी प्रमाणपत्र द्यायचं, की हा माणूस आमच्याबरोबर होता. कल्पना माणुसकीची होती. त्याच वाटेनं आमच्या जिल्ह्यात शेकडो संशयास्पद प्रकरणं आत शिरली. प्रकरण खंडपीठात गेलं, तिथून सर्वोच्च न्यायालयात. न्यायमूर्ती ए. बी. पालकर यांच्या आयोगानं प्रकरणं तपासली. 2005 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. खऱ्या स्वातंत्र्यसैनिकाला आदरानं वागवलंच पाहिजे, पण ज्यांचा लढ्याशी संबंध नव्हता त्यांना फसवणुकीनं मिळालेलं ठेवता येणार नाही, असा त्याचा आशय. देशभरच्या न्यायालयांत फसवणूक म्हणजे काय हे सांगताना आज हा निकाल दाखवला जातो. बीडचं नाव कायद्याच्या पुस्तकांत असं गेलं, याचं दुःख मला आजही होतं.

"तुझ्या न्यायालयानं खोटे शोधले, उत्तम केलं," दादा म्हणाले. "पण त्या तपासणीनं खऱ्यांचं काय केलं ते सांग. ऐंशीच्या पुढचा म्हातारा, त्याला विचारणार कुठल्या तारखेला कुठल्या कॅम्पात होतास. तारीख चुकली की खोटा. जो खोटा असतो त्यानं तारखा पाठ केलेल्या असतात. खऱ्याला थंडी आठवते, भूक आठवते, बरोबरचा पोरगा कुठल्या ओढ्यात मेला ते आठवतं. तारीख नाही आठवत."

"न्यायालयानं हे ओळखलं नाही असं नाही. 2001 ला गुरदियाल सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानंच सांगितलं, की फौजदारी खटल्यासारखा काटेकोर पुरावा इथं मागू नका, शक्याशक्यता बघा, हात सैल ठेवा. त्याआधी 1993 चा मुकुंदलाल भंडारींचा निकाल. तो तर हैदराबादचाच. 1938-39 च्या आर्य समाजाच्या सत्याग्रहाला उत्तरेकडून आलेले लोक होते. उशिरा अर्ज केला म्हणून त्यांना परत पाठवू नका, असं न्यायालय म्हणालं. म्हणजे दार उघडं ठेवलं होतं, काका. उघड्या दारातून कोण शिरलं?"

"दार उघडं ठेवलं म्हणून चोर झाला असं म्हणतेस?"

"नाही. दार कुणाच्या जिवावर उघडं होतं ते सांगते. ज्यांनी प्रमाणपत्रं दिली, ते खरे स्वातंत्र्यसैनिक होते. त्यांच्या सहीला मोल होतं. ती सही नात्यासाठी, गावासाठी, कधी आणखी कशासाठी दिली गेली असेल, तर ती बाहेरच्या चोरानं केलेली चोरी नव्हे. ती लढलेल्या पिढीतल्या काहींनी आपल्याच पिढीची केलेली हानी आहे. हे बोलायला आपल्याकडे कुणी तयार नाही."

दादांनी चहाचा कप बाजूला सारला. बराच वेळ त्यांनी उत्तर दिलं नाही. मग म्हणाले, "अण्णांनी अर्ज केला नाही."

अण्णा म्हणजे आमचे वडील. ते सरहद्दीच्या अलीकडे-पलीकडे निरोप नेत. घरात याची चर्चा कधी झाली नाही. कुणीतरी अर्ज आणून दिला तेव्हा त्यांनी तो तसाच परत केला, एवढंच आम्हाला ठाऊक.

"अण्णा आजोबांनी अर्ज केला नाही, हा त्यांचा मोठेपणा," ती हळू आवाजात म्हणाली. "पण त्यामुळे त्यांची नोंद कुठंच नाही. ज्यांनी अर्ज केले त्यांतले काही खोटे निघाले. ज्यांनी केले नाहीत ते खरे असूनही कागदावर नाहीत. आता उद्या कुणी सरकारी यादी घेऊन इतिहास लिहायला बसला, तर तो काय लिहील? मोठेपणाची किंमत इतिहासानं मोजली."

"मग त्यांनी काय करायला हवं होतं?"

"उमरीच्या लोकांनी केलं तसं."

हा दाखला दादांनाच शोभला असता, पण तिनं दिला. नांदेड भागातल्या उमरीची बँक 30 जानेवारी 1948 ला, म्हणजे गांधीजींची हत्या झाली त्याच दिवशी, भूमिगत कार्यकर्त्यांनी लुटली. वीस लाखांच्या घरातली रक्कम हाती लागली. ती लढ्यासाठी वापरली गेली, तिचा हिशेब ठेवला गेला आणि मुक्तीनंतर तो सादरही झाला. मराठवाड्यात ही गोष्ट अभिमानानं सांगतात आणि ती अभिमानाचीच आहे. त्या काळातले वीस लाख हातात असताना कुणाची नियत ढळली नाही.

"पैशाचा हिशेब ठेवला," ती म्हणाली, "माणसांचा ठेवला नाही. लढा चालू असताना ठेवणं शक्य नव्हतं, मान्य. पण 48 च्या ऑक्टोबरमध्ये, 49 मध्ये, प्रत्येक कॅम्पप्रमुखानं आपल्या माणसांची वही करून टाकली असती, तर सत्तर-ऐंशीच्या दशकात प्रमाणपत्रांचा बाजार भरलाच नसता."

इथं मला बोलावंसं वाटलं. हे आज म्हणणं सोपं आहे. त्या लोकांपुढे 49 मध्ये गावं उभी करायची होती, शाळा काढायच्या होत्या. 1956 पर्यंत तर मराठवाडा कुठल्या राज्यात जाणार हाच प्रश्न होता. निवृत्तिवेतन नावाची गोष्ट येईल असं त्यांच्या स्वप्नातही नसेल. पुढच्या मिळकतीसाठी आपण आज लढतो आहोत, असं ज्याच्या मनात असेल त्यालाच वही आठवली असती. म्हणून त्या न केलेल्या वहीत मला निष्काळजीपणा दिसत नाही, निरपेक्षपणा दिसतो. पण त्याचे परिणाम मुलीनं सांगितले तेच झाले, हेही नाकारता येत नाही.

"आणि वही केली असती तर," ती थांबून म्हणाली, "तिच्यात 17 सप्टेंबरनंतरचे दिवसही आले असते."

दादांनी तिच्याकडे पाहिलं. काय येणार हे त्यांना कळलं होतं.

पोलीस कारवाईनंतर मराठवाड्यात मुसलमानांच्या वस्त्यांवर हल्ले झाले, माणसं मारली गेली, घरं लुटली गेली. पंतप्रधान नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. संस्थानभरात किमान सत्तावीस ते चाळीस हजार माणसं मेली असावीत, असा तिचा अंदाज होता. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेड हे जिल्हे सगळ्यांत वाईट होरपळले. औरंगाबाद, बीड, नलगोंडा, मेदक या चार जिल्ह्यांत मिळून किमान पाच हजार जीव गेले असं समितीनं लिहिलं. अहवाल कित्येक दशकं लोकांपुढे आला नाही. निजामाच्या बाजूच्या रझाकार टोळ्यांनी त्याआधी जे अत्याचार केले त्यांच्या कथा आमच्या घराघरांत आहेत आणि त्या खऱ्या आहेत. या दुसऱ्या कथा मात्र आमच्या घरांत सांगितल्या जात नाहीत.

"हा लढा मुसलमानांविरुद्ध नव्हता," दादा म्हणाले. "स्वामीजींची भूमिका शेवटपर्यंत तीच होती. शोएबुल्ला खान मुसलमानच होता. 'इमरोज'चा संपादक. भारतात सामील व्हा असं लिहिलं म्हणून ऑगस्ट 48 मध्ये रझाकारांनीच त्याचा खून केला. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी लातूरचा वकील, तो म्हणजे सगळे मुसलमान नव्हेत. आणि दुसऱ्या बाजूला सगळे हिंदू होते असंही नाही. निजामाच्या वतीनं संयुक्त राष्ट्रांत गेलेल्यांत दलित नेते श्यामसुंदर होते. डॉ. आंबेडकरांना दलितांना मुद्दाम सांगावं लागलं होतं, की निजामाची बाजू घेऊ नका."

"हे सगळं खरं आहे. पण लढ्याची भूमिका काय होती हे मी विचारत नाही. त्या दोन-तीन आठवड्यांत कॅम्पातून परतलेली माणसं आपापल्या गावात काय करत होती, हे विचारते. काहींनी मुसलमान शेजाऱ्यांना घरात लपवलं असेल. काही हल्ल्यांत असतील. काहींनी तोंड फिरवलं असेल. नावनिशीवार ठाऊक नाही, कारण कुणी विचारलं नाही. तुम्ही म्हणता स्वयंसेवकांना इतिहासात जागा द्या. द्या. पण सप्टेंबरच्या सतरा तारखेला त्यांचा इतिहास बंद करू नका."

दादा चाळीस वर्षं शिक्षक होते. मी त्यांना वादात हरलेलं कधी पाहिलं नाही आणि त्या दिवशीही ते हरले असं म्हणणार नाही. ते म्हणाले, "मी वर्गात हे कधी शिकवलं नाही. पुस्तकात नव्हतं हे कारण झालं. मला माहीत होतं."

या एका प्रश्नावर मी मुलीच्या बाजूचा आहे. पुराव्याच्या प्रश्नावर मात्र मला दादांचं म्हणणं अजून पटतं. खोट्या प्रमाणपत्रांनी सरकारी तिजोरीचं जे नुकसान केलं ते भरून काढता येईल. मराठवाड्यात 'आमचे आजोबा भूमिगत होते' असं कुणी म्हटलं की ऐकणारा आधी हसतो, हे नुकसान कशानं भरणार?

"एक मार्ग आहे," ती म्हणाली. "पैशाशी संबंध नसलेली नोंद. तालुकावार, गाववार. कुणाला सवलत नाही, दाखला नाही, नातवाला नोकरीत आरक्षण नाही. लाभ नसला की खोटं सांगायचं कारण निम्मं संपतं."

"सांगणार कोण? त्या वेळी पंधरा वर्षांचा असलेला आज नव्वदीच्या पुढे. माणसं गेली, पोरी."

"फायली आहेत. जिल्हाधिकारी कार्यालयात, मंत्रालयात, न्यायालयात. मंजूर अर्ज, नामंजूर अर्ज, रद्द झालेले अर्ज. त्या रद्द अर्जांतही इतिहास आहे."

"खोट्या अर्जात?"

"खोटं सांगणाऱ्यालाही खऱ्याचा आधार घ्यावा लागतो. कॅम्पाचं नाव, प्रमुखाचं नाव, कुठल्या वाटेनं गेलो, कुणाच्या वाड्यात उतरलो, कुठला नाका जाळला. त्यानं ते कुणाकडून तरी ऐकलेलं असतं. पन्नास अर्जांत एकाच वाटेचं वर्णन आलं तर माणूस खोटा असेल, वाट खरी असू शकते. मग त्या वाटेवरच्या गावांत जायचं आणि विचारायचं, रात्री दार कोण उघडत होतं. त्यात बाया निघतील. अर्जांत बाया फार थोड्या असतात."

दादांनी खिशातून पेन काढलं आणि हॉटेलच्या बिलाच्या मागं लिहायला घेतलं. "अर्ज कुणाच्या नावानं करायचा?"

"तुमच्या. माहिती अधिकारात. मसुदा मी देते. खाजगी माहिती म्हणून नावं झाकतील, त्यावर अपील करू. गावांची नावं झाकू शकणार नाहीत."

"पाटोद्याची वाट मी बघतो," दादा म्हणाले. "नेकनूरपासून पुढं तू ये माझ्याबरोबर. तिथल्या मुसलमान घरांत माझे विद्यार्थी आहेत. त्यांच्या आजीनं काय सांगितलं ते मला एकट्याला ते सांगणार नाहीत. मी त्यांचा मास्तर आहे, माझं मन दुखवायचं नाही म्हणून गप्प बसतील. तू विचार, मी लिहून घेतो."